आधी अभिप्राय, मग संग्रहालय

“शिष्ट तरी असेल, नाहीतर मुकी तरी,” स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

“इंग्रजी शाळेतली आहे ती,” अण्णा म्हणाले. “त्यांना आधी मनात इंग्रजीत जुळवावं लागतं. वेळ लागायचाच.”

मी पडवीत बसून शिरा खात होते. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत कमरेएवढीच होती, तरी आत बोललेलं बाहेर ऐकू जात नाही अशी त्या घराची ठाम समजूत होती. रत्नागिरीला उतरून मला दीड तास झाला होता. तेवढ्या वेळात मी तीन शब्द बोलले होते : “हो”, “नाही” आणि “पुरे”. त्यातलं “पुरे” कुणी मनावर घेतलं नाही, म्हणून ताटलीत शिरा दुसऱ्यांदा आला होता.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या मित्राची थोरली बहीण. अण्णा हे त्यांचे यजमान, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. एकट्या मुलीनं लॉजमध्ये उतरायचं नाही, या अटीवर मला घरून चार दिवसांची परवानगी मिळाली होती. मी पुण्याला एका मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. एका इंग्रजी मासिकात मी रत्नागिरीवर लेख वाचला होता. विसरलेलं ऐतिहासिक शहर, कैदी राजाचा राजवाडा, बंदरावरचं संग्रहालय, घराघरांतलं अस्सल कोकणी जेवण, असं बरंच काही त्यात होतं. मी तो कापून पर्समध्ये ठेवला होता. तो लिहिणारा गृहस्थ एसटीतून खाली उतरलाच नसावा, असं आता माझं ठाम मत आहे.

माझा स्वभाव मला माहीत आहे. अनोळखी माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही. मनात मात्र सगळं चालू असतं, आणि ते फारसं चांगलं नसतं. घरी आई म्हणते, तू बोलत नाहीस तेच बरं आहे. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवावं.

राजवाडा

ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी धरून इथं आणलं आणि पुढे त्याच्यासाठी टेकडीवर वाडा बांधला, हे लेखात होतं. त्या वाड्यात आता सरकारी कचेऱ्या आहेत, हे लेखात नव्हतं.

लांबून वाडा सुंदर दिसतो. तांबडी वीट, उतरती कौलं, कमानींच्या खिडक्या. जवळ गेल्यावर त्या कमानींत कारकुनांचे डबे, छत्र्या आणि पाण्याचे तांबे दिसतात. दरबाराची म्हणून जी खोली असावी, तिचे प्लायवूड लावून चार तुकडे केले होते. “येथे थुंकू नये” ही पाटी वाचायची तर मान तिरकी करावी लागत होती, कारण तिच्यावर पिंक पडली होती.

मी वर बघत उभी होते. टेबलामागच्या एका गृहस्थांनी विचारलं, “कुणाकडे काम आहे?”

कुणाकडेच नाही, वाडा बघायला आले आहे, हे सांगायला सोपं होतं. मी ते जुळवेपर्यंत त्यांनी हातानं बाकड्याकडे खूण केली. मी जाऊन बसले. माझ्या एका बाजूला एक म्हातारे शेतकरी होते आणि दुसऱ्या बाजूला पिशवीत जिवंत कोंबडी घेऊन आलेल्या एक बाई. चाळीस मिनिटं रांग पुढे सरकत राहिली, मीही सरकत राहिले. शेवटी माझ्या हातात एक फॉर्म आला. बाहेर पायरीवर येऊन वाचला. विहीर खोदण्याच्या परवानगीचा होता. मी पुण्याला तिसऱ्या मजल्यावर राहते. तो फॉर्म अजून माझ्याकडे आहे.

वाड्याच्या मागच्या गच्चीवरून खाडी दिसते, खाडीपलीकडे भाट्याची वाळू, आणि मग नुसता समुद्र. राजा म्हणे इथं बसून जाणाऱ्या बोटी बघायचा. आता तिथं एक खुर्ची होती आणि तिच्यावर एक कारकून पाठ समुद्राकडे करून फायलीला दोरा ओवत होता. कैद कुणाची जास्त, याचा विचार करत मी टेकडी उतरले.

अस्सल कोकणी जेवण

लेखातला दुसरा मुद्दा जेवणाचा. त्यावर थोडंच लिहिते, कारण खाल्लं थोडंच.

एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात जेवायच्या वेळेला गेले. भिंतीवरच्या फळ्यावर इडली, डोसा, उत्तप्पा, पंजाबी समोसा अशी नावं होती. “इथलं काय आहे?” असं वेटरला विचारायचं मी ठरवलं होतं. तो येऊन उभा राहिला. मी फळ्यावर बोट ठेवलं. बोट डोशावर पडलं. डोसा पुण्याला मिळतो तसाच होता, फक्त गार.

काकूंच्या घरची गोष्ट वेगळी. पुण्याची मुलगी म्हणजे शाकाहारीच, हे माझं पत्र येण्याआधीच ठरलं होतं. पहिल्या रात्री बटाट्याची भाजी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बटाट्याचे पोहे. रात्री बटाट्याचा रस्सा. मला पडवीत पाटावर आधी वाढायचे. माझं झालं, की आत तव्यावर बांगडा पडल्याचा आवाज यायचा. तिरफळाचा आणि आमसुलाचा वास त्या कमरेएवढ्या भिंतीवरून सरळ माझ्याकडे यायचा. आमच्याकडे दर रविवारी मासे असतात. पुण्यात मिळतात ते बर्फातले, डोळे पांढरे झालेले, आणि आम्ही ते कौतुकानं खातो. इथं दोन हातांवर ताजा बांगडा तळत होता आणि मी बटाटा चिवडत होते.

“जेवण काय जात नाही हो हिला,” काकू आत म्हणायच्या.

“उद्या बटाटा जरा गोडसर कर,” अण्णा सुचवायचे.

“मी मासे खाते” हे तीन शब्दांचं वाक्य आहे. ते म्हणायला उशीर झाला, आणि उशीर झाल्यावर ते म्हणणं अधिकच अवघड झालं. सकाळी बोलले असते तर नुसती माहिती होती. दुपारनंतर ती तक्रार झाली असती.

बंदर

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुनी जकात कचेरी आहे. जांभ्या दगडाची, बसकी इमारत. वस्तुसंग्रहालय तिथं आहे. मी गेले तो गुरुवार होता.

दारात टेबल होतं आणि टेबलामागे खाकी कपड्यातला पन्नाशीचा माणूस. खिशावर बिल्ला नव्हता. तिकीट काढायला मी पर्स उघडली, तर त्यानं माझ्यापुढे एक जाडजूड वही सरकवली.

“आधी अभिप्राय लिहा, मग आत जा.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला या नजरेची सवय असावी.

“मागच्या दारानं बाहेर पडतात ना माणसं,” तो म्हणाला. “ते दार बंदरावर उघडतं. समोर होड्या दिसल्या की वहीत लिहायला परत कोण येतो? पहिली दोन वर्षं वही कोरीच. मग वरनं विचारणा झाली, माणसं येतात तरी काय म्हणून. तेव्हापासनं मी आधीच लिहून घेतो.”

मी वही चाळली. “छान.” “फारच छान.” “माहिती उत्तम मिळाली.” “पुन्हा येऊ.” शेकडो माणसांनी काहीही न बघता लिहिलेली स्तुती. एका पानावर “पंखा हवा” असं होतं. सबंध वहीत तेवढाच खरा अभिप्राय, कारण पंखा नाही हे दारातूनच दिसत होतं.

राजवाडा, डोसा आणि चार वेळचा बटाटा माझ्या डोक्यात होता. मी पेन काढलं. मला राग आला आणि तो कुणाला कळू द्यायचा नसला, की मी इंग्रजीत लिहिते. आमच्या शाळेतल्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं तिरपं, जोडून लिहायचं अक्षर. चार ओळी लिहिल्या. त्यांचा मराठीत अर्थ असा : इथं पाहण्यासारखं काही नसावं. चालवणाऱ्यांनाही तशी खात्री असावी, नाहीतर न दाखवता मत मागितलं नसतं. हे सांभाळणाऱ्या माणसाला आत काय ठेवलं आहे ते ठाऊक असेल, असं वाटत नाही. खाली सही केली. निनावी लिहू नये, हेही सिस्टरांनीच शिकवलं होतं.

त्या माणसानं शाईवर फुंकर घातली.

“इंग्रजी,” तो म्हणाला. “ह्या वहीत पहिलाच. मागच्या वहीतही नाही.” मग उठून, हात जोडून म्हणाला, “मी दत्ताराम. या, मी दाखवतो.”

आत तीन खोल्या होत्या, आणि पाच मिनिटं तरी माझी खात्री झाली की मी लिहिलं ते कमीच होतं. एका बरणीत स्पिरिटमध्ये समुद्रसाप होता. खाली चिठ्ठी : “पानाचा डबा, ब्रह्मदेश.” एक लोखंडी नांगर, खाली “शंख, मोठा”. भिंतीवर करवतीसारखं काहीतरी हाताएवढं लांब लावलेलं, खाली “जहाजाची प्रतिकृती”. मी ओठ दाबून हसू आवरत होते.

“चिठ्ठ्या वाचू नका,” दत्ताराम मागून म्हणाला. “रंगारी आले होते भिंतींना. चिठ्ठ्या काढल्यानी, आणि परत लावल्यानी त्या आपल्या मनानं.”

मी त्याच्याकडे वळून पाहिलं. प्रश्न माझ्या चेहऱ्यावर असावा.

“मला हात लावता येत नाही त्यांना. चिठ्ठ्या सरकारी, मी रोजंदारीवर. कायमच्या माणसानं लावायच्या. कायमचा माणूस इथं कुणी नाही. मला कायम करा म्हणून अर्ज केलाय. पाच वर्षं झाली त्याला.” तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता, भरती-ओहोटीची वेळ सांगावी तसं सांगत होता. “तोवर मी तोंडानं सांगतो.”

आणि त्यानं तोंडानं सांगितलं. ती करवत हे एका माशाचं तोंड. “माझ्या आजोबांच्या जाळ्यात आला हा. जाळं फाडलंन, आजोबांची मांडी फाडलीन. आजी म्हणायची, घरात तेवढी एकच करवत होती, पण लाकूड कापायच्या उपयोगाची नाही.” जकातीच्या तराजूचं एक पितळी वजन त्यानं उचलून माझ्या हातावर उलटं ठेवलं. बुडाला पोकळी होती आणि तिच्यात शिसं ओतलेलं. “हे घ्यायचं वजन. द्यायचं ते दुसरं, हलकं. दोन्ही सरकारीच.”

मग त्यानं काचेच्या पेटीतून लाखेचा पानाचा डबा काढला. खराखुरा, ब्रह्मदेशातला, राजाच्या घरातून आलेला. झाकण उघडलं. आतल्या चुन्याच्या वाटीत वाळलेला चुना होता आणि त्याच्यावर बोट ओढल्याची खूण, नखासकट.

“राजाचं बोट म्हणतात लोक,” दत्ताराम म्हणाला. “मला नाही वाटत. राजा काय आपल्या हातानं चुना लावील? दासीचं असणार. बारीक आहे बघा नख. तिकडनं आली असेल बिचारी त्यांच्याबरोबर, आणि तिचं नाव कुठल्या चिठ्ठीवर नाही. चुकीच्या चिठ्ठीवरही नाही.”

एम.ए.ची दोन वर्षं मी राजांच्या तारखा पाठ केल्या. ते नख कुणाचं, असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला विचारला नव्हता. चिठ्ठ्या अजूनही मूर्खपणाच्या होत्या, भिंतींना ओल होती आणि पंखा नव्हता, हे लिहून ठेवते. पण त्या खोल्यांत मी दोन तास होते.

मागचं दार खरंच बंदरावर उघडतं. समोर होड्या, वाळत घातलेली जाळी, आणि माशांचा वास. दत्तारामनं पायरीवर बसून डबा सोडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, वर कच्च्या खोबरेल तेलाची धार.

“तुम्ही अण्णांकडे उतरलात ना? माझा अर्ज अण्णांनीच लिहिलानी. पुण्याच्या म्हणजे तुम्हाला हे चालायचं नाही.”

मी हात पुढे केला.

तो मोठ्यानं हसला आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. तीन दिवसांत मी पहिल्यांदा जेवले. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबले नाही. अशी चटणी पुण्यात कुणी करून दाखवावी.

“परवा शनिवारी साहेब येणार,” तो म्हणाला. “मुंबईचे. हे चालू ठेवायचं की सगळं पेट्यांत भरून कोल्हापूरला गोदामात टाकायचं, ते ठरवायला. चालू राहिलं तर मी कायम. चौदा वर्षं झाली मला.” त्यानं खाकी सदऱ्यावरचे भाकरीचे कण झटकले. “हा पण मीच शिवून घेतलाय. रोजंदारीला मिळत नाही. बिल्ला मात्र शिवून घेता येत नाही.”

मी भाकरी मोडत होते.

“साहेब आधी वही मागतात, असं अण्णा म्हणतात. ‘छान छान’ला कोण विचारतो? आता तुमचं इंग्रजी आलं. देवानंच पाठवलंन तुम्हाला.”

माझ्या तोंडात घास होता. तेव्हा सांगता आलं असतं. मी घास गिळला, आणि त्याच्याबरोबर ते वाक्यही.

भाट्ये

शुक्रवारी पावसच्या मठात जायचा बेत होता. गेले नाही. खाडीवरचा पूल ओलांडून भाट्याला गेले, कारण तिथं कुणाशी बोलावं लागत नाही असं वाटलं. भाट्याची वाळू काळसर आहे. सुरूची झाडं आहेत, आणि त्यांच्याखाली मुंबईहून आलेल्या एका कुटुंबानं टाकलेल्या केळ्यांच्या साली. समुद्रात पाय बुडवून ते लोक एकमेकांना सांगत होते की जुहूसारखं नाही. मी त्यांच्यापासून लांब जाऊन बसले.

दत्तारामला काय सांगायचं ते मी वाळूत बसून जुळवलं. आणि हो, आधी इंग्रजीतच जुळवलं. इंग्रजीत ते फार चांगलं झालं, समजूतदार, आब राखणारं. मराठीत आणलं की एवढंच उरायचं : मी तुमच्याबद्दल वाईट लिहिलंय. पुन्हा जुळवलं. पुन्हा तेच उरलं.

संध्याकाळी पडवीत आले, तर अण्णा वाटच बघत होते.

“अगो, वाचलं मी तुझं,” ते म्हणाले. “आज बंदरावर गेलो होतो. दत्तारामनं पान उघडून दाखवलंन. उत्तम लिहिलंयस. काय भाषा. अक्षर तर छापल्यासारखं.”

माझं अक्षर छापल्यासारखं नाही. ते एकमेकांत अडकलेलं असतं आणि सवय नसेल तर वाचता येत नाही. माझ्या शाळेतल्या शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे तसं म्हणतात. अण्णांनी पान हातभर लांब धरलं असेल, डोकं हलवलं असेल, आणि हेडक्लार्कला अक्षर लागलं नाही हे दत्तारामला कळू द्यायला त्यांचा जीव धजावला नसेल. मी त्यांना हसायला हवं होतं. पण चार दिवस “मी मासे खाते” म्हणायला न धजावलेल्या बाईनं त्यांना हसण्यात काही अर्थ नव्हता.

“साहेब वाचतील आणि गार होतील,” अण्णा म्हणाले.

“तिला कशाला भरीला घालताय,” काकू आतून म्हणाल्या. “लाजली बघा. ये गो, हात धू. आज बटाटेवडे केलेत तुझ्यासाठी मुद्दाम.”

मी तीन बटाटेवडे खाल्ले.

पुन्हा बंदर

सकाळी लवकर जायचं, वही मागायची, पान फाडायचं आणि नवीन लिहायचं, असं ठरवून मी शनिवारी साडेआठलाच निघाले. माझी एसटी दुपारची होती.

जकात कचेरीच्या दाराला आंब्याची पानं बांधलेली होती. पुढे रांगोळी. दत्तारामनं खाकी कपडे कडक इस्त्री केले होते आणि त्याची बायको दाराशी नवं लुगडं नेसून उभी होती. मला बघून ती पुढे आली, पदराखालून सुरंगीचा गजरा काढला आणि माझ्या केसांत माळायलाच लागली.

“ह्यांनी सांगितलंनी मला,” ती म्हणाली. “एवढं शिकलेलं माणूस येऊन कुणी लिहिलंन काय आजवर?”

सुरंगीचा वास फार दाट असतो. मान हलवता येईना.

टेबलावर वही नव्हती. मी आत पाहिलं. पहिल्या खोलीत मधोमध काचेची पेटी होती, पानाच्या डब्याची. डबा बाहेर काढून खिडकीत, पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी ठेवला होता. पेटीत मखमलीवर वही होती, माझ्या पानावर उघडलेली, वाऱ्यानं उलटू नये म्हणून दोन बाजूंना दोन शंख. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली दत्तारामच्या करगोट्याला.

“वही,” मी म्हणाले.

“कशी दिसते?” तो म्हणाला. “रात्री सुचलं मला.”

“नाही, वही जरा…”

“आले, साहेब आले,” अण्णांनी दारातून सांगितलं. ते काळा कोट घालून आले होते, एप्रिलमध्ये.

साहेब सफारीतले, घामानं बेजार झालेले. त्यांनी रांगोळीवर पाय दिला, पंखा शोधला, तो नव्हता. दाराजवळच्या नांगराखालची “शंख, मोठा” ही चिठ्ठी वाचली आणि घड्याळाकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. गुरुवारी तशीच नजर घेऊन मी आत आले होते. आता हा माणूस पाच मिनिटांत सगळं पेट्यांत भरून टाकणार, चुन्यातल्या त्या नखासकट.

“साहेब, आधी हे बघावं,” दत्ताराम त्यांना काचेच्या पेटीकडे घेऊन गेला.

साहेब वाकले. त्यांना ते अक्षर लागत होतं, त्यांचीही शाळा तसलीच असावी. त्यांनी एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं, सावकाश. नाकातून हसल्यासारखा आवाज काढला.

“हे तुम्ही मुद्दाम इथं लावलंय?”

“हो साहेब. इंग्रजी आहे.”

“मी वाचलंय, साहेब,” अण्णा पुढे होऊन म्हणाले. “उत्तम आहे.”

“तुम्ही वाचलंय,” साहेब म्हणाले. “आणि उत्तम वाटलं.”

“भाषेच्या दृष्टीनं,” अण्णा म्हणाले. आवाज जरा खाली आला होता.

“लिहिलंय कुणी?”

दत्तारामनं दोन्ही हातांनी माझ्याकडे दाखवलं, देवळातला पुजारी मूर्तीकडे दाखवतो तसं. “ह्या ताईंनी. पुण्याच्या. शाळेत शिकवतात.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि मला विचारलं, “यात काय लिहिलंय, ते यांना सांगितलंय का तुम्ही?”

मी मान हलवली. नाही.

“मग जाऊ द्या,” ते हलक्या आवाजात म्हणाले, आणि दाराकडे वळले. ते दयेनं म्हणाले असावेत. मीही गप्प राहून सुटले असते. दत्ताराम अजून हसत होता, पण आता ते हसू तसंच धरून ठेवायला त्याला जड जात होतं, आणि त्याची बायको साहेबांच्या पाठीकडे बघत होती.

माझ्या मनात काहीच जुळलं नव्हतं. इंग्रजीतही नाही.

“थांबा,” मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की अण्णा दचकले. “दत्तारामभाऊ, यात मी वाईट लिहिलंय. इथं काही बघण्यासारखं नाही आणि तुम्हाला काही माहीत नाही, असं लिहिलंय. दारात उभं राहून लिहिलंय, आत यायच्या आधी. ते खोटं आहे. साहेब, तुम्हीही अजून दारातच आहात. आत चला, चिठ्ठ्या वाचू नका, हे सांगतात ते ऐका. आणि आधी माठाशेजारचा तो डबा उघडून बघा. काकूंना कुणीतरी सांगा, मी मासे खाते.”